नैराश्याचे शास्त्र आणि आपण

ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये एक नवे रेल्वे स्थानक मंजूर झाले आहे. त्यासाठी ठरलेली जागा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची आहे. हे रुग्णालय १९०१ सालचे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह राज्य सरकारच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. मुंबईपासून कसारा-कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ हे वाक्य कित्येक पिढ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरले गेले, ते याच रुग्णालयामुळे. पुढे १९९० साली याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ही संस्था सुरू केली. आजार बळावण्याची वाट न पाहता शाळकरी मुले, पालक, नोकरदार, निवृत्त माणसे यांच्याशी मनाच्या आरोग्याबद्दल बोलत राहायचे, ही तिची रीत. भिंतीआडचे उपचार आणि भरल्या सभागृहातला मनमोकळा संवाद, हे दोन्ही टप्पे ज्या शहराने पाहिले, तिथल्या वाचकापुढे नैराश्याचा विषय मांडताना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. हे या पुस्तकाचे भाग्य आहे.

मानसशास्त्राचे विद्यार्थी, आशा सेविका, शिक्षक, फॅमिली डॉक्टर आणि ज्यांच्या घरातले कुणी महिनोन्‌महिने गप्प बसून आहे असे सगळे वाचक डोळ्यांपुढे ठेवून या पुस्तकाची आखणी केली आहे. ओळख, कारणे, परिणाम आणि उपचार असे त्याचे चार भाग आहेत. चारही भागांतून एकच म्हणणे पुढे येते. नैराश्यावर उपयोगी पडणारे उपचार आज आहेत. अपुरी आहे ती आजारी माणसापासून उपचारापर्यंतची वाट. ती वाट बांधण्याचे बरेचसे काम डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली माणसे करू शकतात. याचा भक्कम पुरावा गोव्यातून आणि अमरावती जिल्ह्यातून आला आहे, आणि तो ठाणे-कल्याणच्या वाचकाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

पहिला भाग ओळखीचा. डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या गल्लीतल्या दवाखान्यात संध्याकाळी काय घडते ते डोळ्यांपुढे आणा. पंचेचाळिशीची एक बाई खुर्चीत बसते आणि सांगते, ‘अंगात ताकदच नाही, डॉक्टर. सकाळी उठवत नाही. डोकं धरल्यासारखं होतं. सलाइन लावता का एखादं?’ ब्लडप्रेशर घेतले जाते, शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, पुढचा पेशंट आत येतो. बाहेर वीसजण ताटकळत असताना याहून जास्त वेळ देणे डॉक्टरांनाही कठीण असते. पण त्यांनी आणखी दोनच प्रश्न विचारले तर? मन सतत उदास असतं का? पूर्वी जे आवडायचं ते आता करावंसं वाटतं का? मग बाई सांगू लागते की तीन महिने ती भजनाला गेलेली नाही, पहाटे चारला जाग येते ती येतेच, आणि मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे वाटतानाही तिला आतून काहीच वाटले नाही. तिने मागितले होते सलाइन, कारण थकव्यासाठी दवाखान्यात जाता येते. मनासाठी जाता येते हे तिला कुणी सांगितलेले नाही.

उदासी आणि आवड नाहीशी होणे ही नैराश्याची दोन मुख्य लक्षणे. यांपैकी निदान एक, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता, हालचालींचा वेग यांतले बदल, स्वतःला कमी लेखणे किंवा मरणाचे विचार, असे बहुतेक दिवस, दोन आठवडे किंवा जास्त काळ चालले आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७; १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करून घ्यावी, असा तिचा साधारण संकेत. चाचणी फक्त इशारा देते, निदान माणूस करतो, हे अभ्यासकाने कधी विसरू नये. थायरॉइड मंदावणे, रक्त कमी असणे, बी-१२ ची कमतरता, काही औषधे यांमुळेही असेच दिसू शकते. आयुष्यात कधी उलट टोकाचा काळ, म्हणजे झोपेशिवायही प्रचंड उत्साह, बेफाम खर्च, न थांबणारे बोलणे, येऊन गेला का हेही विचारावे लागते. तसा काळ येऊन गेला असेल तर आजार वेगळा, आणि औषधही वेगळे.

दुःख आणि नैराश्य यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. घरातले माणूस गेले, नोकरी गेली, तर माणूस रडणारच. त्याला लगेच आजारी ठरवणे चूक. पण ‘तिच्या जागी कुणीही असता तरी खचलाच असता’ असे म्हणून आजाराकडे काणाडोळा करणेही तितकेच चूक. कारण समजण्यासारखे असले म्हणून आजार उपचाराविना बरा होतोच असे नाही.

दुसऱ्या भागात कारणांची चर्चा आहे, आणि या क्षेत्रातला सगळ्यात रंजक इतिहास तिथेच सापडतो. त्यातले एक प्रकरण मुंबईत घडले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. काही वर्षांतच सर्पगंधेतून रेसरपीन हे औषध वेगळे काढले गेले आणि ते सर्वत्र वापरात आले. मग डॉक्टर लिहू लागले की हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होतात. प्रयोगशाळेत दिसले की रेसरपीनमुळे मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन यांसारखी संदेशवाहक द्रव्ये घटतात. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे नवे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. ते औषध हीच द्रव्ये वाढवते असे पुढे कळले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रोलँड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरचा गुण नोंदवला. हे सगळे धागे जुळून १९६५ च्या सुमारास एक उपपत्ती तयार झाली की या द्रव्यांचा तुटवडा म्हणजेच नैराश्य. आज लोकलच्या डब्यातही सहज ऐकू येणाऱ्या ‘केमिकल लोचा’ची वंशावळ अशी आहे, आणि तिच्या मुळाशी आपल्याकडची एक रानवनस्पती आहे.

ही उपपत्ती जशीच्या तशी टिकली नाही. रेसरपीनने नैराश्य येते याचा पुरावा पुन्हा तपासला तेव्हा तो बराच कच्चा निघाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, नैराश्य हे सेरोटोनिन घटल्यामुळे होते याचा सुसंगत पुरावा आढळला नाही. त्यावरून ‘मग औषधे फसवी’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि विद्यार्थ्याने नेमके इथे थांबून विचार करायला हवा. औषध का लागू पडते याचे स्पष्टीकरण चुकणे वेगळे आणि औषध लागू न पडणे वेगळे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २१ नैराश्यरोधक औषधांची तुलना झाली. प्रौढांच्या नैराश्यात ही सगळी औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली; सरासरी फरक मात्र माफक होता. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी मनात बाळगता येणे ही या क्षेत्रात शिरण्याची पहिली पात्रता आहे.

आनुवंशिकतेचे तसेच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याच्या कलातला सुमारे ३७ टक्के फरक आनुवंशिक मानला जातो. म्हणजे उरलेला मोठा भाग आयुष्याचा आहे. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली दाखवून दिले की संकट आले म्हणजे प्रत्येकजण खचतो असे नाही. जिला मनातले सांगायला जवळचे माणूस नसते, घरी लहान मुले जास्त असतात, हातात काम नसते किंवा जिची आई लहानपणीच गेलेली असते, ती स्त्री खचण्याचा धोका जास्त. गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी झाली म्हणून वाटलेली निराशा, ही त्यामागची ठळक कारणे होती. लंडन आणि म्हापसा यांच्यातले हे साम्य दुसऱ्या भागात तपशिलाने वाचायला मिळेल.

आपल्या परिसराकडे याच नजरेने पाहता येते. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. रोज एवढे जाऊन-येऊन करणाऱ्याची झोप कापली जाते, घरी पोचेपर्यंत मुले झोपलेली असतात, आणि बोलण्याचे त्राण उरत नाही. प्रवास हे नैराश्याचे सरळ कारण ठरवता येणार नाही. पण झोप, व्यायाम आणि जिव्हाळ्याचे बोलणे हे जे मनाचे आधार, ते तो हळूहळू काढून घेतो. त्याच प्रवासाने एक आधार दिलाही आहे, तो म्हणजे डब्यातला ग्रुप. गाडीतले भजनी मंडळ, दसऱ्याला डब्याची पूजा, लेडीज डब्यातले हळदीकुंकू, जागा धरून ठेवणारी मैत्रीण. अडीअडचणीचे बोलणे घरच्यांआधी या ग्रुपमध्ये होते. म्हणूनच निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नोकरीबरोबर हा ग्रुपही सुटतो, तेव्हा त्या माणसाकडे लक्ष ठेवायला हवे. पेन्शन चालू आहे, मुले मार्गी लागली आहेत, ‘आता काय कमी आहे?’ असे सगळे म्हणतात, आणि तो मात्र दिवसभर खिडकीशी बसून राहतो.

परिणामांच्या तिसऱ्या भागाविषयी थोडक्यात. नैराश्य आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आले तर मृत्यूचा धोका वाढतो, हे १९९३ पासून नोंदवले गेले आहे. चिंता आणि नैराश्य मिळून जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या झाल्या, त्यांतल्या २२ हजार ७४६ महाराष्ट्रात. राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नाही. कर्ज, छळ, दारू, क्षणिक उद्रेक हेही असते. पण नैराश्य वेळेवर ओळखले तर त्यांतले बरेच मृत्यू टळू शकतात.

घरावर होणारा परिणाम कोणत्याच तक्त्यात मावत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट त्यासाठी पाहावा. २०१६ चा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळाले, आणि त्याची निर्मिती करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. कोकणच्या किनाऱ्यावरचे एक घर खचलेल्या अनोळखी तरुणाला आसरा देते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. आजारी माणसाच्या सोबत कसे राहावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

चौथा भाग उपचारांचा, आणि आमचा सगळ्यात जास्त भर त्यावर आहे. सौम्य आजारात बोलण्याचे उपचार आधी, मध्यम आणि तीव्र आजारात औषध, बोलणे किंवा दोन्ही, असा साधारण क्रम. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरे वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवायचे असते आणि थांबवायचे ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या गोळ्यांना लोक सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात आणि सवय लागेल म्हणून दोन आठवड्यांत सोडून देतात. झोपेच्या गोळ्यांचा वर्ग वेगळा आहे. विशीतल्या आणि त्याहून लहान रुग्णांवर औषधाच्या सुरुवातीच्या काळात जास्त लक्ष ठेवावे लागते. तीव्र आजारात, रुग्णाने अन्नपाणी सोडले असताना, विद्युत उपचार प्राण वाचवतात; भूल न देता ते करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

बोलण्याच्या उपचारांचा इतिहासही वाचनीय आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती चांगली रुजली असून आयपीएचच्या कामातही तिला मोठे स्थान आहे. ॲरन बेक यांनी साठच्या दशकात विचारांच्या चाकोऱ्या बदलण्याची पद्धत विकसित केली. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने बेक यांच्या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा आढळले की माणसाला पुन्हा कृतीकडे वळवणे हा एकटा भागदेखील संपूर्ण पद्धतीइतकाच गुण देतो. ही गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण कृतीकडे वळवण्याची रीत शिकवायला सोपी आहे.

गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने नेमके हेच केले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना त्यांनी समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. सहा ते आठ बैठकी, बस. बैठकीत घडते ते असे. आठवड्याचा कागद समोर ठेवून समुपदेशक विचारते, काल दिवसभरात काय काय केलंत, आणि प्रत्येक वेळी मन कसं होतं? रुग्ण सांगतो, दुपारभर पडून होतो, संध्याकाळी शेजारी आला तेव्हा जरा बरं वाटलं. मग दोघे मिळून पुढच्या आठवड्यासाठी एखादी लहानशी गोष्ट ठरवतात: मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भाजी आणायला स्वतः जायचे. मन तयार होण्याची वाट पाहायची नाही, पायांनी आधी निघायचे. पुढच्या बैठकीत जमले का, नसेल तर काय आड आले, याची चौकशी. तीन महिन्यांनी अशा बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने हीच दिशा धरली. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराबद्दल बोलणे सुरू केले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. दर वीस भारतीयांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येते आणि ते असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असे त्यातून दिसले. ही दरी मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढवून एका पिढीत भरून निघणार नाही. गावात जे जमले ते शहरात का जमू नये? आपल्याकडे आशा सेविका आहेत, बचतगट आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हजारो सोसायट्या आहेत. १८६४ पासून चालत आलेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्यासारखी माणसे जमण्याची ठिकाणे आहेत. शिकलेली माणसे आणि बसायला जागा, दोन्ही इथे आहे.

कायदाही बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने हक्क ठरवला, मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

वाचकांना दोन विनंत्या. हे वाचताना तुमच्याच मनात मरणाचे विचार येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवा, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर आत्ताच फोन करा. वाचन नंतर होईल. आणि ज्यांना असा त्रास नाही, त्यांनी शिकलेले स्वतःपाशी ठेवू नये. तुमच्या घरात, मजल्यावर किंवा रोजच्या डब्यात एखादे माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, तुटलेले दिसत असेल, तर त्याला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगू नका. त्याचे ऐकून घ्या, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. डॉक्टरकडे जायचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर स्वतः जा.